प्लिकर्स कार्डं: सहावी-सातवीच्या गणिताला बरेच महिने वापरल्यावर

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवते. प्लिकर्सचा खरंच उपयोग होतो की नुसती हौस, असं बरेच शिक्षक विचारतात म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. मुलांकडे मोबाईल, टॅब काहीच लागत नाही. प्रत्येकाला एक कागदी कार्ड, त्यावर क्यूआर कोडसारखी काळी-पांढरी आकृती आणि चार बाजूंना अगदी बारीक ए, बी, सी, डी. उत्तर बी वाटत असेल तर बी वर येईल असं कार्ड धरायचं, आपण फोनवर प्लिकर्सचं ॲप उघडून कॅमेरा वर्गावरून फिरवायचा की कोणी काय उत्तर दिलं ते नावासकट दिसतं. ४० कार्डांचा संच साइटवरून फुकट मिळतो, मोठ्या वर्गासाठी ६३ चा पण आहे. हजेरी नंबर हाच कार्ड नंबर ठेवा, वाटताना गोंधळ होत नाही. आणि प्रत्येकाची आकृती वेगळी असल्यामुळे शेजारच्याचं बघून उत्तर मारणं जमत नाही.

मला सगळ्यात मोठा फायदा झाला तो दशांश अपूर्णांकात. ०.४५ आणि ०.५ यात मोठी संख्या कोणती हे तोंडी विचारलं की पुढच्या बाकावरची तीन-चार मुलं जोरात बरोबर उत्तर देतात आणि आपल्याला वाटतं झालं, वर्गाला आलं. कार्डं वर केली तेव्हा जवळजवळ अर्धा वर्ग ०.४५ वर होता, कारण ४५ हे ५ पेक्षा मोठे, पूर्ण संख्यांचा नियम मुलं तसाच इकडे लावतात. इथपर्यंत अंदाज होताच. पण पुढचा प्रश्न ०.३ की ०.७५ असा टाकला तर आधी बरोबर आलेल्यांपैकी काही जण चुकले! विचारल्यावर कळलं की त्यांच्या डोक्यात ‘शतांश दशांशापेक्षा लहान, म्हणून पॉइंटनंतर जास्त अंक असलेली संख्या लहान’ असं बसलंय, म्हणजे पहिलं उत्तर बरोबर होतं पण कारण चुकीचं. या मुलांना साध्या चाचणीत मार्क मिळाले असते आणि ही गोष्ट माझ्यापर्यंत कधी आलीच नसती.

त्यामुळे माझं स्पष्ट मत झालंय की खरी मेहनत चुकीचे पर्याय लिहिण्यात आहे. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे मुलं खरोखर करतात अशी एखादी चूक पाहिजे, नाहीतर नुसता टक्का कळतो, बाकी काही नाही. १/२ + १/३ ला २/५ हा पर्याय हवाच हवा, अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून मुलं हेच उत्तर काढतात.

दुसरं म्हणजे वर्गाची उत्तरं वेगवेगळ्या पर्यायांत विभागली गेली की लगेच बरोबर काय ते सांगायचं नाही. हार्वर्डला भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक एरिक मझूर १९९१ पासून असं करत आलेत, आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग परत उत्तर द्यायचं. मी तेच करते, कोणत्या पर्यायाला किती उत्तरं आली याचा प्लिकर्सचा आलेख वर्गातल्या टीव्हीवर दाखवता येतो, तो पहिल्या वेळेला दाखवत नाही कारण तो दिसला की सगळी मुलं जास्त मतांकडे वळतात. त्या दोन-तीन मिनिटांत वर्गात जो वाद होतो तो ऐकण्यासारखा असतो, कधी हात वर न करणारी मुलं पण बाजूच्याशी भांडतात.

त्रास कुठे होतो? चकचकीत लॅमिनेशन करू नका, उजेड चमकतो आणि कॅमेऱ्याला आकृती वाचता येत नाही, जाड कागदावर प्रिंट काढलेलं बरं. मुलांची बोटं आकृतीवर येतात ते सुरुवातीला सारखं सांगावं लागतं. खिडकीकडे पाठ करून बसलेल्यांची कार्डं स्कॅन व्हायला वेळ लागतो. गावात रेंजचा भरवसा नाही म्हणून मी प्रश्न घरूनच टाकून आणते. मेनू इंग्रजीत आहे पण प्रश्न, पर्याय आणि मुलांची नावं मराठीत टाइप होतात.

आणि हे पर्यायी प्रश्नांपुरतंच आहे हे लक्षात ठेवा, चार पर्यायांत अंदाजाने पण चारातलं एक बरोबर येऊ शकतं. उदाहरण मुलाने कसं सोडवलं हे वहीतच बघावं लागतं. या उत्तरांना मी मार्कही देत नाही, मार्क आले की मुलं खरं वाटतं ते न सांगता सेफ उत्तर शोधतात. आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनाच्या नोंदी लिहिताना मात्र रिपोर्ट उघडला की कोण कुठे अडकलंय ते समोर असतं, आणि सत्राच्या शेवटच्या संकलित चाचणीची वाट न बघता दुसऱ्याच दिवशी त्या पाच-सहा जणांना वेगळं बसवता येतं.

पुढच्या महिन्यात क्षेत्रफळ आणि परिमिती घेणारेय. तुमच्या वर्गातली मुलं त्यात नेमकी काय चुकतात ते कमेंटमध्ये लिहा, त्यावरून पर्याय बनवते आणि सगळा संच इथेच टाकते.