बालीतला पहिला मुक्काम: जिंबारान की उबुद?

बालीला जाणाऱ्या जोडप्याने पहिली रात्र विमानतळाजवळच्या जिंबारानला काढावी की थेट बेटाच्या आतल्या भागातले उबुद गाव गाठावे? माझा कौल जिंबारानला आहे.

नकाशावर उबुद जवळ दिसते. परंतु अरुंद, दुचाकींनी गजबजलेल्या रस्त्यांवरून ते सुमारे ३५ किलोमीटरचे अंतर कापायला तास-दीड तास सहज लागतो, आणि विमानात अवघडलेल्या, भारतापेक्षा अडीच तास पुढे असलेल्या घड्याळाशी अजून न जुळलेल्या शरीराला तो प्रवास जड जातो. जिंबारानचा किनारा पश्चिमाभिमुख आहे. तिथे वाळूतच टेबले मांडलेली असतात, नारळाच्या सोडणांच्या निखाऱ्यांवर मासळी भाजली जाते आणि समोर सूर्य समुद्रात उतरतो. सामान शोधताना आम्हा दोघांत झालेली कुरबुर त्या धुराच्या खमंग वासात कधी विरली, ते कळलेही नाही.

उबुदचे वैभव मोठे आहे, यात शंका नाही. उंबऱ्यापाशी ठेवलेली चानांग सारी, म्हणजे देवाला रोज वाहिला जाणारा, झावळीच्या पात्यांचा तळहाताएवढा द्रोण, त्यात रंगीत फुले आणि शेजारी जळणारी उदबत्ती, वाकून निरखावी अशीच असते. उबुदजवळच्या तेगलालांगची पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरेही सकाळच्या कोवळ्या उन्हात, ताज्या डोळ्यांनी पाहावीत.

दोघेही शाकाहारी असतील, तर मात्र पहिल्याच दिवशी उबुद गाठावे. तिथे शाकाहारी जेवण सहज मिळते.