जेरी राइसची ८० क्रमांकाची जर्सी: कापड उत्तम, शिवण बेताची

अमेरिकन फुटबॉलमधील माझ्या मते सर्वश्रेष्ठ वाईड रिसीव्हर (पुढे धावत जाऊन फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू) जेरी राइस याने सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सकडून १९९४ च्या हंगामात घातलेल्या लाल जर्सीची प्रतिकृती मी एका ऑनलाइन दुकानातून मागवली. त्या हंगामात संघाने १९५५ सालच्या धर्तीचा पोशाख स्वीकारला होता, म्हणून पांढऱ्या आकड्यांना काळी सावली आहे. ती छापलेली नसून वेगळ्या कापडाची शिवलेली आहे, ही जमेची बाजू. मात्र ८ च्या खालच्या वर्तुळापाशी टाके सैल होते आणि पहिल्याच धुण्यात तिथली कड उसवली. विक्रेत्याने छायाचित्रे मागवून अर्धी रक्कम परत केली खरी, पण तीन आठवड्यांनी.

याच पोशाखात राइसने जानेवारी १९९५ मध्ये मायामीतील सुपर बोलमध्ये (हंगामाच्या अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात), खांदा दुखावलेला असतानाही, सॅन डिएगो चार्जर्सविरुद्ध १० झेलांत १४९ यार्डांची आगेकूच आणि ३ टचडाऊन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात नेऊन केलेली गुणनोंद) मिळवले होते. मिसिसिपीतील एका गवंड्याचा हा मुलगा वडिलांच्या कामावर विटा झेलत वाढला (हात तिथेच तयार झाले असावेत) आणि २० हंगामांत त्याने १,५४९ झेल व २२,८९५ यार्ड नावावर केले. निव्वळ वेगात त्याला मागे टाकणारे अनेक होते. परंतु ठरलेल्या मार्गावर नेमक्या पावलाला वळण्याची त्याची शिस्त क्वचितच कुणाला साधली.

मापे अमेरिकन असल्याने जर्सी ढगळ येते. नेहमीपेक्षा एक माप लहान मागवावे.