नकली ओतीव पुतळे ओळखायची साधनं: काटा आणि कॅलिपर आधी घ्या, चुंबक राहू द्या

जुने शिशाचे सैनिक किंवा कथील-शिशाच्या मिश्रधातूतले मिनिएचर पुतळे जमवणारे लोक तपासणीसाठी साधारण सहा वस्तू बाळगतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग, जबड्यांत धरून जाडी मोजणारा डिजिटल कॅलिपर, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा, अतिनील टॉर्च, शिसं ओळखायच्या काड्या आणि चुंबक. सगळ्यांचा उपयोग सारखा नाही. दोनच घ्यायच्या असतील तर काटा आणि कॅलिपर घ्या. नक्कल करणारा रंग हुबेहूब उतरवतो, कडा घासून जुनेपणाही आणतो. धातू थंड होताना आकसतो, ते मात्र त्याला सहसा लपवता येत नाही.

कॅलिपरचं काम याच आकसण्यावर चालतं. नकली पुतळा काढताना अस्सल पुतळाच नमुना म्हणून रबरात किंवा सिलिकॉनमध्ये दाबतात आणि त्या साच्यात धातू ओततात. साच्याचं रबर थोडं आकसतं, आत ओतलेला धातूही आकसतो. अस्सल पुतळा मूळ नमुन्यापासून एकदा या वाटेने गेलेला असतो, नक्कल दुसऱ्यांदा जाते. म्हणून ती बहुधा एक-दोन टक्क्यांनी लहान भरते. ५४ मिलिमीटरच्या सैनिकात एक टक्का म्हणजे अर्धा मिलिमीटर. डोळ्याला तो कळत नाही, पण साध्या स्टीलच्या कॅलिपरची अचूकता ०.०२ मिलिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे तिथे फरक लपत नाही.

माप कुठे घेता यावर सगळं आहे. एकूण उंची कधीच धरू नका: पाय वाकलेले असतात, तळ कानसलेला असतो. टोपीचा व्यास, छातीची जाडी, तळपट्टीची रुंदी अशा न वाकणाऱ्या तीन जागा निवडा, प्रत्येक जागी तीनदा मोजा आणि सरासरी काढा. तिन्ही जागा जवळपास सारख्याच प्रमाणात कमी भरल्या तर नक्कल समजा. एकच जागा कमी भरली तर तिथे घासकाम झालंय किंवा ठोकर बसलीय. रंगाचे जाड थर माप वाढवतात, तेव्हा रंग उडालेली जागा सापडली तर तीच घ्या. कारखान्यात एकाच पुतळ्याचे अनेक साचे असू शकतात, त्यामुळे अर्ध्या टक्क्याच्या आतला फरक पुरावा म्हणून धरू नये. आणि खात्रीचा अस्सल नग, निदान त्याची त्याच जागांची मापं, हाताशी नसतील तर नुसत्या आकड्याला अर्थ नाही. प्लॅस्टिकच्या जबड्यांचा कॅलिपर घेऊ नका, दाबला की लवतो. स्टीलचाही हलक्या हाताने मिटा, शिशावर लगेच वळ उठतो.

वजनकाट्याचा खरा उपयोग पाण्यात आहे. पुतळ्याचं कोरडं वजन लिहून ठेवा. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा आणि पुतळा बारीक दोऱ्याने पूर्ण बुडेल असा सोडा. तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. आता काट्यावर जितके ग्रॅम दिसतात तितके घनसेंटिमीटर पुतळ्याचं आकारमान. कोरड्या वजनाला या आकड्याने भागलं की घनता मिळते. १५ ग्रॅमच्या पुतळ्याने १.६२ दाखवले तर घनता ९.३ च्या जवळ, म्हणजे साधारण साठ टक्के शिसं आणि बाकी कथील. त्याच वजनाला २.०५ दाखवले तर ७.३, म्हणजे जवळपास सगळं कथील. शुद्ध शिशाची घनता ११.३४, कथलाची ७.३.

राल पार्था या मिनिएचर पुतळे काढणाऱ्या अमेरिकन कंपनीने १९९३ मध्ये शिसं नसलेला रालिडियम हा मिश्रधातू आणला. त्याआधीचा शिशाचा म्हणून विकला जाणारा त्यांचा पुतळा ७.३ दाखवत असेल तर ओतकाम नंतरचं आहे. ते कंपनीनेच पुन्हा काढलेलं की कुणाची नक्कल, हे कॅलिपरला विचारा.

या प्रयोगात हमखास चूक होते ती हवेच्या बुडबुड्यांमुळे. बगलेत, झग्याच्या घडीत हवा अडकली की आकारमान फुगतं आणि घनता खोटी कमी येते. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका आणि पुतळा बुडवल्यावर दोरा हलकेच झटका. प्लॅस्टिकची तळपट्टी चिकटवलेली असेल तर आकडा निरुपयोगी. पोकळ पुतळ्यांनाही ही कसोटी लावू नका. ब्रिटन्स या इंग्लिश खेळणी कंपनीने १८९३ पासून काढलेले जुने शिशाचे सैनिक बहुतेक पोकळ आहेत: साच्यात धातू ओतून, कडेला पापुद्रा धरला की उरलेला परत ओतून काढत. आत हवा राहिली तर घनता काहीही येईल, शिवाय जुन्या रंगाला आणि कागदी लेबलाला पाणी लागू नये. अशा नगांना कॅलिपर आणि भिंगच.

भिंगाखाली रंग बघत बसू नका, सांधा बघा. साच्याचे दोन भाग जुळतात तिथे खांद्यावरून, बाहीवरून एक बारीक रेघ उतरते. नकलेत कधीकधी अशा दोन रेघा दिसतात: एक बोथट, अस्सल पुतळ्यावरून उतरलेली, आणि शेजारी दुसरी तीक्ष्ण, नव्या साच्याची. नमुना ठेवलेल्या पुतळ्याची रेघ कुणी कानसून काढली असेल तर कानशीचे ओरखडेही नकलेत ओतले जातात. ताज्या ओरखड्याची कड चमकते, ओतलेल्याची गोल आणि मऊ दिसते. पट्ट्याचं बकल, बोटांमधल्या फटी, हनुवटीखालचा कोपरा इथे गोल मणी शोधा. सिलिकॉन ओतताना नमुन्याला हवेचा बुडबुडा चिकटला की साच्यात खळगा राहतो आणि धातू तो भरून मण्यासारखा वर येतो. उलट पृष्ठभागावरचे बारीक खड्डे अस्सल ओतकामातही असतात, त्यावरून निकाल देऊ नका. प्रकाश नेहमी कडेने पाडा. उतारावर नकाशातल्या समोच्च रेषांसारख्या समांतर कडा दिसल्या तर नमुना थ्रीडी प्रिंटरवर काढलेला आहे. अशा नकलेत आकसण्याची भरपाई संगणकावर आधीच केलेली असू शकते, म्हणून तिथे कॅलिपर गप्प बसला तरी भिंगावर विश्वास ठेवा.

अतिनील टॉर्च घ्यायचा तर ३६५ नॅनोमीटरचा. ३९५ चा घेऊ नका, त्याचा जांभळा उजेड सगळ्यावरच पसरतो. जुन्या, युद्धपूर्व म्हणवणाऱ्या डब्याचं किंवा तळाचं लेबल निळसर पांढरं झळाळलं तर संशय घ्या. कागदात असे उजळवणारे पदार्थ साधारण १९५० नंतर रुळले. धुण्याच्या पावडरीचे कणही तसेच चमकतात, तेव्हा आधी मऊ कुंचल्याने धूळ झाडा. आणि न चमकणं हा अस्सलपणाचा दाखला नव्हे.

शिशाच्या काड्या शिसं आहे एवढंच सांगतात, किती आहे ते नाही. नकलाही शिशात ओततात. चुंबक तर इथे कामाचाच नाही: शिसं, कथील, जस्त, पितळ यातलं काहीच त्याला चिकटत नाही.

मूळ साच्यातून नंतर ओतलेला पुतळा मापात तंतोतंत बसतो. तिथे मिश्रधातू वेगळा निघाला तरच सापडतो, नाहीतर ही साधनं कमी पडतात.

दुरून खरेदी करताना विक्रेत्याकडून तळाचा मोजपट्टीसकट फोटो आणि दशांशापर्यंत वजन मागा. लांबीत एक टक्का घट म्हणजे वजनात सुमारे तीन टक्के. ४० ग्रॅमचा भरीव अस्सल पुतळा त्याच धातूत नकललेला असेल, तर एक टक्का आकसल्यावर ३८.८ च्या आणि दोन टक्क्यांना ३७.६ च्या आसपास भरेल. पुतळा हाती आल्यावर पांढरी भुकटी दिसली तर ती फुंकू नका. तो शिशाचा क्षार आहे. हातमोजे घाला, ओल्या कापसाने टिपा आणि हात साबणाने धुवा.