आरपीएफ की जीआरपी: लोकलमध्ये फोन गेला तर कुणाकडे जायचं, आणि अधिकार कुणाचे वाढवायचे

हे दोन्ही प्रश्न मला एकाच संध्याकाळी पडले. आरपीएफ म्हणजे केंद्राचं रेल्वे सुरक्षा दल, जीआरपी म्हणजे राज्याचे रेल्वे पोलीस. दोन्ही ऑफिसांत बसून आलोय, म्हणून लिहितोय, तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

साडेसातची स्लो, दारातली गर्दी, उतरलो आणि खिशात हात घातला तर फोन नाही. समोर आरपीएफचा जवान दिसला, तो लगेच आत घेऊन गेला, पाणी दिलं आणि दहा मिनिटांत सीसीटीव्हीवर माझी निळी सॅक आणि मागे चिकटलेला एक टोपीवाला दोन्ही दाखवले. म्हटलं झालं काम! तर साहेब म्हणतात, गुन्हा आमच्याकडे दाखल होत नाही हो, जीआरपीत जा.

जीआरपी पूल ओलांडून पार दुसऱ्या टोकाला. तिथे परत पहिल्यापासून, गाडी कुठली, डबा कितवा, कव्हरचा रंग काय. फुटेज म्हणाल तर आरपीएफला पत्र लिहावं लागेल. वर, आधीच्या स्टेशनात गेला असेल तर हद्द त्यांची. मी झिरो एफआयआरचं नाव काढलं (म्हणजे हद्द कुणाचीही असो, कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो; १ जुलै २०२४ पासून ती कायद्यातच आहे) तेव्हा कुठे रजिस्टर उघडलं.

तसं बघितलं तर आरपीएफची हद्द आधी वाढलेली आहे. १९५७ च्या कायद्यात त्यांचं काम म्हणजे रेल्वेची मालमत्ता सांभाळणं, २००३ च्या दुरुस्तीने त्यात प्रवासी पण आले. चेन ओढणारे, लेडीज डब्यात घुसणारे ह्यांना ते धरतात. पण चोरी, मारामारी, छेडछाड ह्यांची एफआयआर जीआरपीकडेच, कारण घटनेत पोलीस हा राज्याचा विषय आणि रेल्वे पोलीससुद्धा त्यातच लिहिलेत. त्यामुळे अजून अधिकार द्यायचं निघालं की राज्यं नाराज होतात, आणि त्यांचंही अगदीच चूक नाही. टोपीवाला स्टेशनबाहेर पडला की गावातल्या ठाण्याशी बोलून त्याला शोधणं जीआरपीलाच सोपं, शिवाय तक्रार आपल्या मराठीत सांगता येते.

तरी मला विचाराल तर निदान चोरीपुरता अधिकार आरपीएफला द्यावा. खून-दरोडा राहू दे जीआरपीकडे. पण ज्याच्यासमोर फुटेज चालू आहे त्यानेच कागद करावा की नाही? तो पूल चढताना मला फोनपेक्षा ह्याचाच जास्त राग आला होता.

तोवर गाडीत बॅग विसरलात तर १३९ ही रेल्वेची हेल्पलाइन लावा, आरपीएफ ह्यात खरंच चांगली आहे. चोरी असेल तर मात्र थेट जीआरपी, कारण इन्शुरन्सला त्यांचा कागद लागतो. आणि आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, ब्लॉक करायला लागतो) कुठेतरी लिहून ठेवा. माझा बॉक्सवर होता, बॉक्स दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याकडे गेला.