कॅथलिक प्रापंचिकांच्या संस्थेत उन्हाळी इंटर्नशिप: सहा महिन्यांनंतर लिहितेय

सुट्टीतले दहा आठवडे मी एका कॅथलिक संस्थेत काढले. नाव देत नाही, कारण पुढे थोड्या तक्रारीही आहेत. इंटर्नशिप संपून सहा महिने झाले. संपल्या संपल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं, नाहीतर नुसती चिडचिड.

पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, ऑफिसात फादर बसलेले असतील. होते एक निवृत्त हिशेबनीस. अध्यक्ष शाळेत शिकवणाऱ्या, खजिनदार विमा कंपनीत नोकरीला. ही ‘प्रापंचिकां’ची संस्था, म्हणजे धर्मगुरूही नाहीत आणि व्रतस्थही नाहीत अशा, घरसंसार सांभाळणाऱ्या माणसांनी चालवलेली. अशा लोकांनी समाजात काय काम करावं यावर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, 1965 साली एक स्वतंत्र हुकूमनामाच काढला होता, हे मला तिथेच कळलं. आणखी एक गोष्ट कळली ती चूक करून. एका नव्या उपक्रमाच्या पत्रकावर मी हौसेने ‘कॅथलिक’ शब्द ठळक टाकला. हिशेबनीस काकांनी तो लगेच खोडला. चर्चच्या 1983 च्या कायदेसंहितेनुसार कोणत्याही संघटनेला अधिकाऱ्यांच्या संमतीशिवाय नावात ‘कॅथलिक’ लावता येत नाही. संस्थेला संमती होती, उपक्रमाच्या नावाला नव्हती. काम लोकांचं, पैसा लोकांचा, पण नाव जपून वापरायचं.

पहिले दोन आठवडे एक्सेलमध्ये गेले. मदत घेतलेल्यांची यादी, त्यात एकच बाई तीन वेगवेगळ्या स्पेलिंगांनी. कंटाळवाणं काम, पण नावं जुळवता जुळवता दिसलं की काही कुटुंबं दरवर्षी त्याच एका महिन्यात येतात, शाळेची फी भरायच्या आधी. हे कुणी कधी मांडलंच नव्हतं. मी मांडलं, सगळ्यांनी माना डोलावल्या, पुढे काही झालं नाही.

खरी इंटर्नशिप सुरू झाली घरभेटींपासून. ही रीत जुनी. 1833 साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाच्या कायद्याच्या विद्यार्थ्याला वादसभेत इतर विद्यार्थ्यांनी डिवचलं की तुमच्या चर्चने पूर्वी चांगलं केलं असेल, आज काय करता? त्याने काही मित्रांना आणि एका वयाने मोठ्या संपादकाला घेऊन गट काढला. पहिली बैठक झाली 23 एप्रिलला, त्याच दिवशी तो 20 वर्षांचा झाला. रोझाली रँदू या सिस्टरने त्यांना गरिबांच्या वस्तीत कुणाकडे जायचं, कसं वागायचं ते शिकवलं. त्यातून व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी उभी राहिली. आमची संस्था ती नव्हे, पण दोघादोघांनी घरी जायची पद्धत तिथूनच उचललेली. ओरिएंटेशनमधलं बाकी सगळं मी विसरले, हा वीस वर्षांचा मुलगा तेवढा लक्षात राहिला. मीही तेव्हा वीसचीच होते.

माझ्या जोडीला एक निवृत्त नर्स, सगळे त्यांना मावशीच म्हणायचे. पहिल्या घरी मी अठरा प्रश्नांचा फॉर्म काढला आणि सुरू झाले. समोरची बाई प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणत होती. मावशींनी हळूच फॉर्म माझ्या मांडीवरून उचलून पिशवीत टाकला आणि त्या बाईला विचारलं, “रात्री झोप लागते का?” मग अर्धा तास ती बोलली. तिला ना धान्य हवं होतं ना पैसे. अंथरुणाला खिळलेल्या सासूला एकटं टाकून पेन्शनच्या कचेरीत जाता येत नव्हतं. तीन तास कुणीतरी घरी बसणारं माणूस हवं होतं. फॉर्ममध्ये अन्न, भाडं, औषध, शिक्षण असे रकाने होते. हे ‘इतर’मध्ये गेलं. पुढच्या मंगळवारी मावशी तिथे जाऊन बसल्या. बाहेर पडल्यावर मला एवढंच म्हणाल्या, “बाळा, तू विचारत होतीस तसं कर्ज देणारे विचारतात.”

दर आठवड्याच्या बैठकीत सुरुवातीला प्रार्थना, मग भेटींचा अहवाल, शेवटी एक कापडी पिशवी फिरायची. प्रत्येकाने मूठ आत घालायची. कुणी किती पैसे टाकले, टाकले की नाही, कुणालाच कळत नाही. मी ख्रिस्ती नाही. प्रार्थनेच्या वेळी गप्प बसायचे, कुणी आग्रह केला नाही. मदत मागणाऱ्याचा धर्मही फॉर्मवर विचारला नव्हता. पण सगळं वेळापत्रक चर्चच्या सणांवर बेतलेलं, निधीचं आवाहनही रविवारच्या मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर. प्रार्थनेचाच ज्याला त्रास होतो त्याने जाऊ नये, दोन्ही बाजूंना अवघडल्यासारखं होईल.

आता तक्रारी. मानधन नाही, फक्त प्रवासखर्च, आणि त्यालाही तीन सह्या. सगळे स्वयंसेवक नोकरी आटोपून संध्याकाळी येणार, त्यामुळे दिवसभर निर्णय घेणारं कुणीच नाही. मी कितीतरी दुपारी नुसती बसून काढल्या. सर्टिफिकेट दोन महिन्यांनी आलं, नाव चुकलेलं. आणि आकड्यांचा त्यांना जो तिटकारा आहे तो मला अजून पटलेला नाही. माणूस म्हणजे आकडा नव्हे, कबूल. पण किती घरांपर्यंत आपण पोचलोच नाही, हे मोजल्याशिवाय कसं कळणार? मावशींशी यावर दोनदा वाद झाला. दोन्ही वेळा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मत बदललं नाही.

नंतर त्याचा फटका मला बसलाही. एका मुलाखतीत विचारलं, “तुमच्या कामाचा लाभ किती जणांना झाला?” माझ्याकडे सांगायला आकडा नव्हता. तीन तासांची गोष्ट सांगायला लागले, तर समोरच्याने घड्याळ पाहिलं. उलट कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी वस्तीत सर्व्हे करताना बाकीच्यांनी मोबाइल काढले, माझ्या हातून मात्र एकही फोटो निघाला नाही. मार्क त्यात कमी पडले.

सामाजिक कार्य शिकत असाल तर जा. सीव्हीत भरायला ओळ हवी असेल तर दुसरीकडे बघा.

गेल्या महिन्यात मी मावशींना मेसेज केला, त्या बाईची पेन्शन सुरू झाली का? उत्तर आलं: “आता तू गटात नाहीस ना, मग कसं सांगू? तू कशी आहेस? झोप लागते का?”