इंजिन ऑइल पितंय: व्हॉल्व सील, पिस्टन रिंग की तिसरंच काही? खोलायच्या आधी हे ताडून बघा

गाडीच्या मागून निळा धूर येतोय, डिपस्टिकवर ऑइल खाली खाली चाललंय आणि मेकॅनिक म्हणतोय इंजिन खोलावं लागेल. इथे घाई करू नका. "इंजिन ऑइल पितंय" या एकाच तक्रारीमागे पाच-सहा वेगवेगळी कारणं असू शकतात, त्यातली काही एक रबरी पडदा बदलला की संपतात आणि काहींना खरंच पिस्टन बाहेर काढावे लागतात. सगळ्यात जास्त गोंधळ व्हॉल्व सील (व्हॉल्वच्या दांड्यावरचं ऑइल अडवणारं रबरी सील) आणि पिस्टन रिंग (पिस्टनभोवतीची कडी) यांच्यात होतो म्हणून त्या दोघांना समोरासमोर ठेवलंय, बाकीचे (पीसीव्ही म्हणजे इंजिनाच्या आतला गॅस इनटेककडे सोडणारा व्हॉल्व, टर्बो, हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं गॅस्केट) ओघात येतील.

आधी ऑइल जळतंय की गळतंय

ऑइल कमी होतंय म्हणजे ते जळतच असेल असं नाही. रॉकर कव्हरचं (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं) गॅस्केट कडक झालं की ऑइल झिरपून गरम मॅनिफोल्डवर पडतं, बॉनेटखालून धूर आणि जळका वास येतो, सायलेन्सर मात्र साफ असतो. उलटंही होतं, ऑइल थोडं थोडं जळत असेल तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बराचसा धूर पचवून टाकतो आणि मागून काहीच दिसत नाही, म्हणून "धूर नाही म्हणजे ऑइल जळत नाही" हे गृहीत धरू नका.

खात्रीचा मार्ग मोजण्याचा. गाडी सपाट जागेवर उभी करा, गरम इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसून परत घाला आणि लेव्हल बघा, किलोमीटर लिहून ठेवा. 1000 किमी झाल्यावर तसंच पुन्हा बघा, मधे टॉप-अप केलं असेल तर तेही मोजून लिहा. बऱ्याच गाड्यांत मिन ते मॅक्स यातला फरक साधारण 1 लिटर असतो त्यामुळे अंदाज लगेच येतो. काही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये 1000 किमीला अर्धा ते 1 लिटरपर्यंत ऑइल जाणं चालण्यासारखं धरलेलं असतं, ते वाचून धक्का बसतो पण ती कंपनीने स्वतःसाठी ठेवलेली वरची मर्यादा आहे, ठणठणीत इंजिन त्याच्या कितीतरी आत राहतं. माझं मत विचाराल तर आकड्यापेक्षा तो वाढतोय का हे महत्त्वाचं, वर्षभर तेवढंच जात असेल तर श्वास घ्यायला वेळ आहे, दर महिन्याला वाढत असेल तर नाही.

आणि ऑइल पहिल्यांदा कमी दिसलं तेव्हा मॅक्सच्या वर भरलं गेलं नव्हतं ना हेही बघा. जास्त भरलं की क्रँक ते घुसळतो, फेस होतो आणि ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) ऑइल इनटेकमध्ये जाऊन निळा धूर येतो. असला धूर जास्तीचं ऑइल काढून टाकलं की थांबतो.

सील विरुद्ध रिंग: रंग दोघांचा निळाच, वेळ वेगळी

रंगाने फक्त एवढं कळतं की ऑइल जळतंय. कुठून आत येतंय ते कळतं धूर कधी येतो त्यावरून, आणि हे घरच्या घरी बघता येतं, फक्त मागे बघायला एक माणूस हवा.

व्हॉल्व सील गेलं असेल तर गाडी रात्रभर उभी राहिल्यावर वरचं ऑइल व्हॉल्वच्या दांड्यावरून हळूहळू खाली झिरपतं. सकाळी पहिल्या स्टार्टला निळ्या धुराचा एक लोट येतो आणि थोड्या वेळात साफ. सिग्नलला बराच वेळ आयडल करून मग रेस दिली की पुन्हा एक झोत. तिसरी खूण उतारावरची, गिअरमध्ये ठेवून एक्सलरेटर पूर्ण सोडा, पेट्रोल इंजिनात तेव्हा थ्रॉटल बंद असतो त्यामुळे इनटेकमध्ये जोरदार व्हॅक्यूम तयार होतो आणि तो कडक झालेल्या सीलमधून ऑइल ओढून घेतो, उतार संपल्यावर पाय दाबला की मागे निळा ढग. डिझेलमध्ये ही खूण तितकी उपयोगाची नाही कारण तिथे तसा व्हॅक्यूम होत नाही. सीलच्या केसमध्ये पिकअप बहुतेक ठीकच असतो, गाडी ओढते, मायलेजही फारसं पडत नाही.

रिंग झिजल्या असतील तर धूर लोडवर येतो. चढ, भरलेली गाडी, ओव्हरटेक, आणि तो येतच राहतो, एक झोत देऊन थांबत नाही. ज्वलनाचा गॅस रिंगच्या बाजूने खाली क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या, क्रँक फिरतो त्या भागात) उतरतो, याला मेकॅनिक मंडळी बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण सैल करून बघतात ते यासाठीच, झाकण थडथड उडतं आणि खालून धूर फेकला जातो. थोडी वाफ सगळ्याच इंजिनांत दिसते, डिझेलमध्ये जरा जास्तच, म्हणून फक्त झाकण उघडून "रिंग गेल्या" असं कोणी सांगितलं तर ते पुरेसं मानू नका. रिंगच्या जोडीला पिकअप पडणं, सकाळी स्टार्टला त्रास आणि ऑइल लवकर काळं होणं हेही येतं (डिझेलचं ऑइल मात्र बदलल्यावर लगेच काळं होतंच, ती काजळी आहे, त्यात बिघाड नाही).

आता एक अडचणीची जागा. पिस्टनवर वरच्या दोन रिंग कॉम्प्रेशनच्या आणि तिसरी ऑइल कंट्रोल रिंग असते. ही तिसरी रिंग कार्बनने चिकटून बसली तर ती सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल खरवडत नाही, ते जळतं, पण वरच्या दोन शाबूत असल्यामुळे कॉम्प्रेशन एकदम छान दाखवतं. म्हणजे कॉम्प्रेशन चांगलं आलं म्हणून सील बदलले आणि ऑइल जायचं थांबलंच नाही, असं होतं ते यामुळे. कॉम्प्रेशन चांगलं असून धूर लोडवर आणि सतत येत असेल तर संशय या ऑइल रिंगवर घ्या.

खोलण्याआधीच्या दोन टेस्ट

पहिली कॉम्प्रेशन टेस्ट, ड्राय आणि वेट. कोरड्या सिलिंडरचं रीडिंग घ्या, मग प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत घ्या. आकडा बऱ्यापैकी वर गेला तर ऑइलने रिंगची फट तात्पुरती भरली, म्हणजे गळती रिंगमधून. वाढलाच नाही तर व्हॉल्व किंवा हेड गॅस्केट. पेट्रोल इंजिनात निरोगी आकडा साधारण 10 ते 13 बारच्या आसपास असतो, डिझेलमध्ये त्याच्या दुप्पटीहून जास्त, पण तुमच्या इंजिनाचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यायचा आणि सिलिंडर-सिलिंडरमधला फरक जास्त बघायचा. डिझेलमध्ये ऑइल टाकून वेट टेस्ट नको, तिथे जागा इतकी कमी असते की आकडा फसवा येतो आणि इंजिनालाही धोका.

दुसरी लीकडाउन टेस्ट, ही मला जास्त विश्वासाची वाटते. पिस्टन टॉपला आणून सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडतात आणि किती टक्के गळते ते मीटरवर दिसतं. 10 टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, 20 च्या वर गेलं की काहीतरी नक्की आहे. खरा उपयोग कान लावण्यात आहे, ऑइलच्या झाकणातून सूसू आवाज आला तर रिंग, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व, थ्रॉटलमधून तर इनटेक व्हॉल्व आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट किंवा तडा. व्हॉल्व सील या टेस्टमध्ये दिसत नाही कारण ते दाबाच्या बाहेर बसतं, म्हणून इथे सगळं नीट आलं आणि सकाळचा झोत चालू असेल तर बोट सीलकडेच जातं.

दोन्ही टेस्टचे आकडे लिहून मागा. जो मेकॅनिक आकडे न काढताच पिस्टन काढायला निघालाय त्याच्याकडे इंजिन सोपवू नये असं मला मनापासून वाटतं.

रिंगसारखे दिसणारे पण रिंग नसलेले

पीसीव्ही व्हॉल्व सगळ्यात आधी तपासा, सगळ्यात स्वस्त तोच. त्यातला रबरी पडदा फाटला तर इनटेकचा व्हॅक्यूम क्रँककेसमधून ऑइलची वाफ सरळ ओढतो, शिटीसारखा आवाज येतो, आणि चालू इंजिनावर ऑइलचं झाकण उचलायला गेलात तर ते आतल्या बाजूला घट्ट चिकटलेलं असतं. तुंबला तर उलट, दाब साठतो, झाकण उडतं, ऑइल सीलमधून बाहेर यायला लागतं आणि सगळी लक्षणं झिजलेल्या रिंगची दिसतात.

स्पार्क प्लगच्या विहिरीत ऑइल साचलेलं दिसलं तर घाबरू नका, ते वरच्या गॅस्केटचं काम आहे. प्लगच्या टोकावर, म्हणजे आत जळणाऱ्या बाजूला, ओला काळा थर असेल तरच ऑइल सिलिंडरमध्ये येतंय, आणि कुठल्या सिलिंडरमध्ये तेही तिथेच कळतं.

टर्बो गाडी असेल तर इंटरकूलरचा पाइप काढून बघा. आत ऑइलचा पातळ थर असणं नॉर्मल आहे, पण ऑइल ओघळत असेल आणि टर्बोचा शाफ्ट हाताने हलवल्यावर ब्लेड टर्बोच्या बाहेरच्या कवचाला टेकत असतील तर टर्बो गेलाय. त्याआधी ऑइल रिटर्न पाइप तुंबलाय का आणि पीसीव्ही ठीक आहे का ते बघायचंच, नाहीतर नवा टर्बोही तसंच ऑइल फेकेल. डिझेलमध्ये यावर चालढकल करू नका. टर्बोतून आलेल्या ऑइलवर इंजिन स्वतःच पळायला लागलं तर चावी बंद करूनही थांबत नाही, मॅन्युअल गाडीत ब्रेक दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडून ते बंद पाडावं लागतं.

पांढरा आणि काळा

थंड सकाळी येणारी आणि गरम झाल्यावर जाणारी पांढरी वाफ म्हणजे पाणी, सोडून द्या. इंजिन गरम झाल्यावरही दाट, गोडसर वासाचा पांढरा धूर येतोय आणि कूलंट कमी होतंय, तर हेड गॅस्केट. कूलंटच्या टाकीवर ब्लॉक टेस्ट करून घ्या, निळं केमिकल पिवळं झालं म्हणजे ज्वलनाचा गॅस कूलंटमध्ये जातोय. झाकणाखाली दुधी मलई दिसली म्हणून लगेच हेड उतरवू नका, कमी अंतर चालणाऱ्या गाडीत ती नुसत्या दमटपणाने होते, डिपस्टिकवरचं ऑइलही कॉफीसारखं झालं असेल तर मात्र गाडी चालवू नका. डिझेलमध्ये पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर असेल तर ते न जळलेलं डिझेल, इंजेक्टर किंवा ग्लो प्लग बघा. काळ्या धुराचा ऑइलशी सहसा संबंध नसतो, एअर फिल्टर, इंजेक्टर, ईजीआर (एक्झॉस्टचा थोडा गॅस परत इनटेकमध्ये सोडणारा व्हॉल्व), टर्बोचा फाटलेला पाइप या बाजूने जा.

मग काय निवडायचं

सील ठरलं तर करून टाका. बऱ्याच इंजिनांत हेड न उतरवता हे काम होतं, सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून व्हॉल्व वर धरून ठेवतात आणि स्प्रिंग काढून सील बदलतात. मेकॅनिकला हेच आधी विचारा, कारण हेड उतरवायचं की नाही यावर मजुरी खूप बदलते. व्हॉल्व गाइड (व्हॉल्वचा दांडा ज्यातून सरकतो ती नळी) झिजलं असेल तर मात्र नुसतं नवं सील फार टिकत नाही.

चिकटलेली ऑइल रिंग असेल तर खोलण्याआधी पिस्टन सोक करून बघणं मला पटतं. प्लगच्या भोकातून क्लीनर टाकून रात्रभर ठेवतात, स्टार्ट करण्याआधी ते सगळं ओढून काढतात आणि ऑइल-फिल्टर बदलतात. हमी नाही, पण रिंग चिकटलेली असेल तर सुटू शकते, झिजलेली असेल तर काहीच होत नाही.

रिंग खरंच झिजल्या असतील तर हेड आणि ऑइल चेंबर (खालचं ऑइलचं भांडं) दोन्ही उतरतात, आणि बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) न मोजता नुसत्या नव्या रिंग टाकणं म्हणजे पैसे वाया. बोअर लंबगोल झालेला असेल तर नवी रिंगही बसणार नाही. हे मोजमाप झाल्यावरच ठरवा की बोअरिंग करून इंजिन बांधायचं, दुसरं इंजिन बसवायचं की गाडी विकून टाकायची.

जाड ऑइल टाकून चालवणं, 5डब्ल्यू-30 च्या जागी 15डब्ल्यू-40 वगैरे, याने खप थोडा कमी दिसतो, पण जे इंजिन पातळ ऑइलसाठी बनलंय त्यात थंड स्टार्टला वरपर्यंत ऑइल उशिरा पोचतं. गाडी लवकरच विकायची असेल आणि मॅन्युअलमध्ये तो ग्रेड दिलेला असेल तरच. सील मऊ करणारं अ‍ॅडिटिव्ह कडक सीलला थोडं उपयोगी पडू शकतं, रिंगला नाही.

नुसतं टॉप-अप करत राहणं हाही पर्याय आहे, खप स्थिर असेल आणि दर पेट्रोल भरताना डिपस्टिक बघायची शिस्त असेल तर. पण जळणाऱ्या ऑइलमधला फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हळूहळू निकामी करतो आणि राख डिझेलचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) भरते, हे दोन्ही पार्ट महाग असतात, त्यामुळे तो खर्चही हिशोबात धरा. आणि ऑइलचा लाल दिवा लागला तर तिथल्या तिथे इंजिन बंद, पुढच्या वळणापर्यंतही नाही.

काम झाल्यावर पहिले काही दिवस धूर दिसला तर लगेच भांडायला जाऊ नका, सायलेन्सरमध्ये साठलेलं जुनं ऑइल जळून जायला वेळ लागतो आणि नव्या रिंगलाही बसायला काही अंतर लागतं. डिपस्टिक पुन्हा त्याच पद्धतीने 1000 किमी मोजा, आधीच्या आकड्याशेजारी नवा आकडा लिहा, तो खाली आला नसेल तर कागद घेऊन गॅरेजला जा.