युव्हर्जन बायबल अ‍ॅप: ‘मले कायचं लिहिता येते’ म्हणणाऱ्या ख्रिस्ती लेखकासाठी कितपत कामाचं?

नाताळची नाटिका, मंडळीच्या वर्धापनदिनाची स्मरणिका, रविवारच्या उपासनेआधी वाचायचं छोटं मनन. गावात लिहिण्याची कामं निघतात आणि ती फिरून फिरून एकाच माणसाकडे येतात. संडे स्कूल घेणाऱ्या बाई असोत, मंडळीचे सेक्रेटरी असोत, नाहीतर पाळकांचा बारावी झालेला पोरगा, वाशीमपासून अचलपूरपर्यंत कुठंही विचारा, पहिलं उत्तर ठरलेलं: ‘मले कायचं लिहिता येते!’ या एका वाक्यात दोन शंका असतात. एक भाषेची: आपली बोली वऱ्हाडी, चर्चची मराठी पुस्तकी. दुसरी जास्त खोल: देवाच्या वचनावर लिहायला आपण कोण? युव्हर्जनचं फुकट बायबल अ‍ॅप या दोन शंकांवर किती उपयोगी पडतं, एवढंच इथं तपासलं आहे. बाकी सोयींचं कौतुक भरपूर झालेलं आहे.

हे अ‍ॅप २००८ सालापासून आहे. अमेरिकेतल्या लाइफ चर्चनं ते काढलं. जाहिराती नाहीत, पैसे नाहीत. मराठीत बायबल सोसायटीचं ‘पवित्र शास्त्र’ आर. व्ही., त्याच संस्थेचं सोप्या भाषेतलं सी. एल., शिवाय आय. आर. व्ही. (इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन) अशी भाषांतरं मिळतात. बहुतेक मंडळ्यांत मोठ्यानं वाचलं जातं ते आर. व्ही. लिहिणाऱ्यानं मुख्य भाषांतर म्हणून तेच ठेवावं, कारण ऐकणाऱ्याच्या कानात तेच बसलेलं आहे.

बसवताना एक काम विसरू नका. वर भाषांतराच्या नावावर बोट ठेवलं की भाषांची यादी उघडते. मराठी निवडा आणि हव्या त्या भाषांतरापुढे डाउनलोडची खूण असेल तर तालुक्याच्या गावी, नेटवर्क चांगलं असताना, ती दाबून ठेवा. ही खूण सगळ्याच भाषांतरांना नसते, ते प्रकाशकाच्या परवानगीवर असतं. डाउनलोड केलं नाही तर धारणी-चिखलदऱ्याकडच्या गावांत ऐन वेळी पान गोल गोल फिरत राहतं. दुसरं, खातं उघडा. खात्याशिवाय टिपणं साठत नाहीत, आणि फोन बदलला की मजकूर परत मिळायचा तो खात्यातूनच. टिपण लिहिताना ते कोणाला दिसावं हे निवडता येतं. कच्चं लिखाण आहे, खाजगीच ठेवा.

आता मुख्य काम. वचनावर बोट टेकवलं की खाली रंग, टिपण, तुलना वगैरे पर्याय येतात. शंका घेऊन बसलेल्या लेखकानं याचा उपयोग निर्गम ३ आणि ४ या दोन अध्यायांवर करावा. इस्राएल लोकांना मिसर देशातून सोडवून आणायला देव मोशेला पाठवतो, आणि मोशे तिथं पाच वेळा मागे सरकतो: मी कोण (३:११), तुझं नाव विचारलं तर काय सांगू (३:१३), ते विश्वास ठेवणार नाहीत (४:१), मला बोलता येत नाही (४:१०), दुसऱ्या कोणाला पाठव (४:१३). ही पाच वचनं पिवळी करा. देवाची उत्तरं हिरवी करा: ३:१२, ४:११, ४:१२, ४:१४. मग फक्त हिरवं वाचा. ‘तू छान बोलतोस’ असं देव एकदाही म्हणत नाही. मी तुझ्याबरोबर असेन, तोंड कोणी केलं, मी शिकवीन, आणि शेवटी भाऊ अहरोन येतोच आहे. म्हणजे मोशेच्या कुवतीची तारीफ न करता त्याला सोबत दिली जाते आणि एक माणूस दिला जातो. त्या रंगांमुळे हे जेवढं स्वच्छ दिसतं तेवढं छापील पानावर पहिल्या वाचनात दिसत नाही. अ‍ॅपचा सगळ्यात चांगला उपयोग हाच, असं आमचं मत.

४:२ ला तिसरा रंग द्या. तुझ्या हातात काय आहे, असं देव विचारतो. हातात मेंढपाळाची काठी असते. लिहिणाऱ्यानं त्याच वचनाखाली टिपण उघडून आपल्याजवळ खरोखर असलेल्या पाच गोष्टी लिहाव्यात: आजीकडून ऐकलेली मंडळीची जुनी माहिती, तोंडपाठ गीतं, संडे स्कूलच्या पोरांचे प्रश्न, शेतातली भाषा, असं काहीही. अहरोनाच्या जागी एका माणसाचं नाव लिहा, जो मजकूर वाचून चुका दाखवील. नुसतं ‘छान आहे’ म्हणणारा नातेवाईक इथं चालत नाही.

दुसरा पाठ यिर्मया ३६ आणि ४५ चा. बायबलात लेखनिकाची अवस्था इतकी तपशिलानं क्वचितच येते. यहोयाकीम राजाच्या चौथ्या वर्षी यिर्मया संदेष्टा देवाची वचनं सांगतो आणि त्याचा लेखनिक बारूख शाईनं गुंडाळीवर लिहितो. पुढच्या वर्षी, नवव्या महिन्यात, राजा हिवाळ्याच्या वाड्यात शेगडीपुढे बसलेला असतो. तीन-चार रकाने वाचून झाले की तो भाग लेखनिकाच्या चाकूनं कापला जातो आणि विस्तवात जातो. सगळी गुंडाळी जळते (३६:२३). मग ३६:३२ वाचा: दुसरी गुंडाळी आणली जाते, तोच मजकूर पुन्हा लिहिला जातो, वर आणखी पुष्कळ भर पडते. आता ४५ वर उडी मारा. अध्याय पाचच वचनांचा आहे, काळ तोच, राजाचं चौथं वर्ष. बारूख म्हणतो, कण्हून कण्हून थकलो, चैन नाही. त्याला उत्तर मिळतं की स्वतःसाठी मोठमोठ्या गोष्टी मागू नकोस, जीव मात्र वाचेल. ज्याला आपला लेख छापून येईल का, लोक काय म्हणतील ही धास्ती आहे त्यानं ४५:५ ला खूण करून ठेवावी. गोड दिलासा यात नाही, पण आत्मविश्वासावरच्या दहा योजनांपेक्षा हे वचन जास्त टिकतं.

योजनांचं बोललोच आहोत तर सांगतो. अ‍ॅपमधल्या वाचन-योजना मराठीत इंग्रजीपेक्षा कमी आहेत, आणि बऱ्याच भाषांतरित असल्यानं त्यातली उदाहरणं शहरी, परदेशी वाटतात. लेखकानं त्या सोडून द्याव्यात. स्वतःचा आठवडा असा लावा: पहिले दोन दिवस निर्गम, पुढचे दोन यिर्मया १, ३६ आणि ४५, मग लूक १:१–४, त्यानंतर करिंथकरांस पहिलं पत्र २:१–५, शेवटी स्तोत्र ९०. लूकाच्या चार वचनांत लेखनाची पद्धतच आहे: आधी लोकांनी लिहिलेलं पाहिलं, प्रत्यक्ष पाहणाऱ्यांचं ऐकलं, मुळापासून शोध केला, मग क्रमानं, एका माणसासाठी, थियफिलासाठी लिहिलं. तुमचा थियफिल कोण ते ठरवून अ‍ॅपच्या प्रार्थनेच्या यादीत त्याचं नाव टाका. कापूस वेचून संध्याकाळी उपासनेला येणारी एखादी बाई असेल तर रोज आधी तिच्यासाठी प्रार्थना, मग लेखणी. ‘मी कसा लिहितो’ याची काळजी त्यानं बरीच खाली येते, कारण डोळ्यापुढे ऐकणारी असते.

अ‍ॅप कुठं घात करतं? सगळ्यात आधी ‘आजचं वचन’. एक ओळ, सुंदर चित्रावर. यिर्मया २९:११ असं एकटं वाचलं की वाटतं आपलं सगळं लगेच मार्गी लागणार. वरचंच वचन, २९:१०, सत्तर वर्षांचं आहे, आणि पत्र बाबेलात धरून नेलेल्यांना लिहिलेलं. फिलिप्पैकरांस ४:१३ चंही तसंच, आधीच्या दोन वचनांत भूक आणि अडचण आहे. अशा एकट्या वचनावर उभारलेला धीर पहिल्या नापसंतीत कोसळतो, आणि त्यावर लिहिलेलं मननही पोकळ निघतं. साधा नियम: वचन दिसलं की वरची दहा आणि खालची दहा वचनं वाचल्याशिवाय वापरायचं नाही.

मग ती सलग दिवसांची मोजणी, स्ट्रीक. सोयाबीन काढणीच्या हंगामात ती तुटणारच. आधीच स्वतःवर शंका असलेल्या माणसाला तुटलेला आकडा पुन्हा नापास करतो. तिकडे बघूच नका.

शोधाची सोय बरी आहे, पण मराठीत शब्द रूपं बदलतात, त्यामुळे एका शब्दावर थांबलात तर निम्मं हाती लागत नाही. भीतीवर लिहायचं असेल तर भिऊ, भीती, भय, घाबरू, धीर, सगळे एकेक करून टाका, आणि मुख्य भाषांतरात सापडलं नाही तर सी. एल. मध्ये शोधा.

टिपणाच्या चौकटीत पूर्ण लेख लिहू नका. फोनवर खोडायला सोपं जातं, आणि शंकेखोर माणूस दर ओळीला खोडतो. अर्ध्या तासानंतर पडदा कोराच. वाचन फोनवर करा, पहिला खर्डा लाँगबुकच्या वहीत बॉलपेननं, एक ओळ सोडून. खोडायचं झालं तर एकच रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. उपासनेतलं मनन तीनशे शब्दांचं पुरतं, लाँगबुकचं साधारण दीड-दोन पान. त्यात मुख्य उतारा एक, आधाराचं दुसरं वचन फार तर एक. तीन-चार वचनं घातली की आपलं म्हणणं सापडत नाही, आणि बहुतेक कच्च्या मननांत हीच चूक असते: शंका लपवायला वचनांचा ढीग.

भाषेच्या भीतीवर ‘तुलना’ हे बटण चांगलं औषध. एकच वचन आर. व्ही. आणि सी. एल. मध्ये वाचलं की दिसतं, शास्त्रसुद्धा एकाच मराठीत अडकलेलं नाही. शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी (१८६८–१९३६) पती नारायण वामन टिळकांनी अर्धवट सोडलेल्या ‘ख्रिस्तायना’त ६४ अध्यायांची भर घालून ते पुरं केलं. ज्याला प्रमाण मराठी जड जाते त्यानं पहिला खर्डा बेलाशक वऱ्हाडीत लिहावा, नाटिकेतले संवाद तर वऱ्हाडीतच ठेवावेत. बेथलेहेमचे मेंढपाळ आपल्या गावात ‘चाल ना बा, पाहून येऊ’ असंच म्हणतील. फोनमधल्या बोलून टाइप करण्याच्या सोयीवर मात्र भरवसा नको: ‘मले’चं ‘मला’ होतं, विरामचिन्हं बहुधा येतच नाहीत. हातानं टाइप करताना ‘वऱ्हाडी’तला ऱ शोधून वापरा, नाहीतर ‘वर्हाडी’ छापून येतं.

स्मरणिका छापणार असाल तर वचनाखाली भाषांतराचं नाव द्या. लांब उतारे घ्यायचे असतील तर आर. व्ही. आणि सी. एल. चे हक्क बायबल सोसायटीकडे आहेत, परवानगी मागा. आय. आर. व्ही. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहे, श्रेय देऊन आणि अटी पाळून वापरता येतं. कॅथलिक वाचकांनी पुस्तकांची यादी आधी तपासावी: ६६ पुस्तकांच्या भाषांतरात तोबित, यहुदीथ, मक्काबी सापडणार नाहीत.

पाचपैकी साडेतीन तारे. वाचणं, रंग, तुलना यासाठी पूर्ण गुण. दीड तारा आजचं वचन, स्ट्रीक आणि मराठी योजनांपायी कापला. सोबत छापील पवित्र शास्त्र ठेवाच, लाइट गेली आणि फोन उतरला तरी काम थांबत नाही. त्याचा कागद पातळ असतो. जेल पेन मागच्या पानावर उमटतो, साधी शिसपेन्सिल वापरा.